मंजुरी येईपर्यंत

पाय जड व्हायला लागले तेव्हा मी सगळ्यात आधी बुटांना दोष दिला. कारखान्यात नवे सेफ्टी बूट मिळाले होते आणि ते टाचेला घट्ट होते. शेंद्र्याच्या एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी क्वालिटीला आहे. दिवसभर उभं राहून माल तपासायचा, त्यामुळं पाय दुखणं नवीन नव्हतं. पण हे दुखणं नव्हतं. तळव्यांना मुंग्या येत होत्या आणि कितीही पाय झटकले तरी जात नव्हत्या.

त्याआधी आम्ही गंगापूरला माझ्या मामेभावाच्या लग्नाला गेलो होतो. तिथून आल्यावर माझं पोट बिघडलं, जुलाब झाले, मग बरंही वाटलं. त्याचा पायांशी काही संबंध असेल हे कुणाच्या डोक्यात येणार?

गल्लीतल्या डॉक्टरांनी ताकदीचं इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याच्या बसची पायरी चढता येईना. गुडघा वर उचललाच जाईना. मागची पोरगी म्हणाली, "ताई, चढा ना." मी हसले आणि दांडा धरून हातांच्या जोरावर अंग वर ओढलं. संध्याकाळी घरी येऊन न्हाणीत पाय धुवायला बसले, ती उठताच आलं नाही. माझा नवरा दिलीप मुकुंदवाडीत मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. तो येईपर्यंत मी ओल्या फरशीवर तशीच बसून होते. बाहेरून आमची मुलगी तनू दार वाजवत होती, "मम्मी, काय झालं? बोल ना." काय झालंय ते मलाच कळत नव्हतं.

हे लिहायला मला माझ्या डॉक्टर नसरीन मॅडमनी सांगितलं. त्या म्हणाल्या, "सुरेखाताई, आम्ही डॉक्टर लोकांनी या मंजुरीबद्दल कितीही लिहिलं तरी ते कागदावरच राहतं. तुम्ही झालं तसं लिहा." मला लिहायची सवय नाही. थोडं बसलं की अजून पाठ भरून येते. म्हणून तुकड्यातुकड्यानं लिहिते आहे.

गुडघ्यावर हातोडी

दुसऱ्या दिवशी सकाळी मला मोठ्या दवाखान्यात व्हीलचेअरवर नेलं. नसरीन मॅडम मेंदू आणि नसांच्या डॉक्टर. साधारण माझ्याच वयाच्या, डोक्यावर ओढणी, आवाज हळू. त्यांनी रबरी हातोडीनं माझ्या गुडघ्यावर टकटक केलं. पाय हललाच नाही. दुसरा गुडघा, घोटे, कोपर. कुठूनच काही उत्तर येईना. मग त्यांनी हातोडी टेबलावर ठेवली आणि दिलीपला आत बोलावलं.

"आपल्या शरीराचं स्वतःचं एक सैन्य असतं," त्या म्हणाल्या. "बाहेरचा जंतू आला की ते लढतं. यांच्या पोटात जंतू गेला, सैन्य लढलं, पण आता ते चुकून यांच्याच नसांवर चालून जातंय. हा आजार पायांकडून वर चढतो. बहुतेक लोक यातून बरे होतात, हे पहिलं लक्षात ठेवा."

दिलीपनं विचारलं, "आणि दुसरं?"

"दुसरं म्हणजे, तो छातीपर्यंत चढला तर श्वास घ्यायला मशीन लागेल. ते टाळण्यासाठी एक औषध आहे, शिरेतून द्यायचं. जितकं लवकर तितकं चांगलं. मला ते आजच सुरू करायचंय."

औषध महाग होतं. पण माझ्या कारखान्याचा मेडिक्लेम होता, कॅशलेस. दिलीपनं पाकिटातून कार्ड काढलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जरा ऐट दिसली. त्याच्या दुकानाला असलं काही नाही. बायकोच्या नोकरीमुळं घराला आधार आहे हे तो चारचौघांत बोलून दाखवायचा, त्याचं मला नेहमी बरं वाटायचं.

"मग करा सुरू मॅडम," तो म्हणाला.

मी पण निवांत झाले. खरंच झाले. आजार कळला, औषध कळलं, कार्ड हातात आहे. आता राहिलं काय?

क्वेरी

राहिली होती मंजुरी. कॅशलेस असलं तरी मोठा उपचार सुरू करण्याआधी दवाखान्यानं विमा कंपनीला विचारायचं असतं. तळमजल्यावर एक काउंटर होता, तिथं वैशाली नावाची मुलगी हे काम बघायची. तिनं लगेच सगळं पाठवलं. मला अतिदक्षता विभागात नेलं, सुया लावल्या, मॉनिटर लावला. औषध तेवढं आलं नाही.

पहिली क्वेरी आली. क्वेरी म्हणजे विमा कंपनीचा उलट प्रश्न. रुग्णाला हा त्रास आधीपासून होता का? मॅडमनी ओपीडी थांबवून उत्तर लिहिलं, सही केली. वैशालीनं पाठवलं.

दुसरी आली. नसांच्या तपासणीचा रिपोर्ट जोडा. मॅडमनी लिहिलं, या आजारात सुरुवातीला तो रिपोर्ट कधी कधी चांगलाही येतो, म्हणून त्याची वाट पाहायची नसते. तरी तपासणी केली. मशीनच्या झटक्यांनी हात उडत होते आणि मला तेवढ्यातही वाटत होतं, चला, निदान हलतायत तरी.

तिसरी आली. हेच औषध का? दुसरा स्वस्त उपचार का नाही?

मला नंतर वैशालीनं समजावलं, ते मी अजून विसरलेले नाही. ठरलेल्या वेळात उत्तर द्यायचं असा नियम विमा कंपन्यांना आहे. पण क्वेरी पाठवली की तेही उत्तरच धरतात. म्हणजे नियमही पाळला जातो आणि माणूसही ताटकळतो.

त्या दुपारी नसरीन मॅडम पुन्हा पुन्हा येत होत्या. येताना दर वेळी म्हणायच्या, "दीर्घ श्वास घ्या आणि एका दमात आकडे म्हणा." सकाळी मी बरेच लांब गेले होते. दुपारी अलीकडंच अडकले. त्यानंतर त्याही अलीकडं. आकडा कमी झाला की मॅडम माझ्या खांद्यावर हात ठेवायच्या. तेवढ्यावरून मला समजायचं.

दिलीप काउंटर आणि माझा पलंग यांच्यामध्ये येरझारा घालत होता. बोलणारा माणूस नाही तो. पण काचेतून मला तो वैशालीसमोर हात जोडताना दिसला. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याला कुणापुढं हात जोडताना मी कधी बघितलं नव्हतं. मी डोळे मिटून घेतले.

शेवटी मॅडमनी माझ्या पलंगाशेजारूनच विमा कंपनीच्या डॉक्टरांना फोन लावला. पलीकडचा आवाज तरुण होता, अदबशीर होता.

"डॉक्टर, तुम्ही या विषयाचे आहात का?" मॅडमनी विचारलं.

"नाही मॅडम."

"असा पेशंट कधी पाहिलाय?"

"नाही मॅडम. पण माझ्या स्क्रीनवर मला रिपोर्ट मागवायचाच पर्याय येतोय. मी पुढं पाठवलंय. सिनिअर बघतील."

"सिनिअर कधी बघतील?"

"ते मला सांगता येणार नाही. सॉरी मॅडम."

त्याचं सॉरी खरं होतं, असं मला वाटलं. आणि त्यानंच मी जास्त घाबरले. कुणी दुष्ट असतं तर भांडता आलं असतं.

फोन ठेवून मॅडम खाली गेल्या. दवाखान्याच्या व्यवस्थापनाला त्यांनी लिहून दिलं की मंजुरी आली नाही तर जबाबदारी माझी, औषध द्या. वर आल्या तेव्हा त्यांच्या मागं सिस्टर बाटली घेऊन येत होती. बाहेर ऊन उतरलं होतं. मला पाण्याचा ग्लास धरता येत नव्हता. गिळताना ठसका लागत होता.

मंजुरी दुसऱ्या दिवशी आली. तोपर्यंत मला मशीनवर घेतलं होतं.

नळी

घशात नळी असली की बोलता येत नाही. माझे हात, पाय, मान सगळं गेलेलं, पण डोकं लख्ख जागं होतं. हे लोकांना समजत नाही. नाकावर माशी बसली तर ती नुसती बघायची. पापण्या तेवढ्या हलायच्या. एकदा मिटल्या की हो, दोनदा मिटल्या की नाही.

भेटायच्या वेळेत दिलीप यायचा. पहिल्या दिवशी तो नुसता उभा राहिला. दुसऱ्या दिवशी एकदम म्हणाला, "आज एक पाणबुडी मोटार आली, बिडकीनहून. पूर्ण जळालेली. म्हटलं, नवी घ्या. तो म्हणतो, नाय, हीच करून द्या." मग तो रोज मोटारींचं सांगू लागला. कुठली कुठून आली, तार कोणती घातली, चालू झाली का नाही. घरी असते तर मी म्हटलं असतं, पुरे की आता. तिथं मी त्या गोष्टींची वाट बघायचे.

माझी आई गंगापूरहून आली होती. तिला आत थोडाच वेळ सोडायचे. बाकी दिवस ती जिन्यात बसायची, इतर नातेवाइकांबरोबर. आत आली की माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणायची, "लई दमली गं माझी बाई. झोप. मी हाय हितंच." मी रडले की अश्रू कानात जायचे आणि पुसता यायचे नाहीत. आई ते न सांगता पुसायची. सकाळच्या पाळीच्या मावशी माझी वेणी घालून द्यायच्या, घट्ट, शाळेतल्या पोरीसारखी. का कुणास ठाऊक, वेणी घातली की मी माणसांत आहे असं वाटायचं.

हळूहळू श्वास माझा मला घेता यायला लागला. नळी निघाली. पहिला आवाज निघाला तो घोगरा, पुरुषी. तनू हसली आणि लगेच रडली.

बोलता यायला लागल्यावर मी मॅडमना जे विचारायचं होतं ते विचारलं. "औषध सकाळीच मिळालं असतं तर मशीन लागलं नसतं का?"

त्यांनी खुर्ची ओढली. "मला खोटं बोलायचं नाहीये, सुरेखाताई. कदाचित लागलं नसतं. कदाचित तरीही लागलं असतं. या आजारात कुणालाच ठामपणं सांगता येत नाही."

मला 'हो' किंवा 'नाही' हवं होतं. दोन्ही चाललं असतं. हे 'कदाचित' माझ्याबरोबर घरी आलं आणि अजून घरातच आहे.

घरी

आजारपणाचा हा भाग कुणी सांगत नाही, म्हणून सांगते. दवाखान्यात सगळे तुमच्याभोवती असतात. घरी आल्यावर सगळ्यांना आपापली कामं असतात, आणि तुम्ही मात्र पलंगावर.

घरी यायच्या आधीही वाढीव मुक्कामासाठी पुन्हा मंजुरी, फिजिओथेरपीसाठी पुन्हा मंजुरी. एकदा उत्तर आलं की रुग्णात अपेक्षित सुधारणा दिसत नाही. ज्या दिवशी ते आलं, त्याच दिवशी मी पहिल्यांदा अंगठ्यानं तर्जनीला स्पर्श केला होता. फिजिओ करणारी मुलगी टाळ्या वाजवत होती आणि दिलीप दारात मोबाइल घेऊन उभा होता. त्यानं मला ते उत्तर त्या दिवशी दाखवलं नाही.

घरात तनूनं कुकर लावायला शिकून घेतलं. तिचं दहावीचं वर्ष होतं. आई माझं सगळं करायची, अंघोळ, संडास, सगळं, आणि मला लाज वाटायची. एकदा मी हट्टानं चमचा स्वतः धरला, वरण अंगावर सांडलं, आणि दिलीप ओरडला, "कशाला करते? परत मलाच पुसावं लागतं ना!"

आई म्हणाली, "जावईबापू, जरा भाईर जाऊन या."

तो गेला. आला तेव्हा माझ्याजवळ बसला आणि भिंतीकडं बघत म्हणाला, "तुझ्यावर नाय ओरडलो गं. त्या दिवशी काउंटरवर ओरडायला पाहिजे होतं. तिथं हात जोडले. तो राग कुठं तरी निघणारच ना."

बोलायलाही ताकद लागते. मी माझा निम्मा चालणारा हात त्याच्या मांडीवर टाकला, तो तसाच पडून राहिला.

बैठक

काठी घेऊन चालता यायला लागलं तेव्हा कारखान्यानं मला बसून करायचं काम दिलं. त्याच सुमारास एचआरचे जोशी सर म्हणाले की आपल्या मेडिक्लेमचं नूतनीकरण आलंय, विमा कंपनीचे लोक येणार आहेत. मी म्हटलं, "सर, मला त्या बैठकीत बसू द्या. आणि माझ्या डॉक्टरांना बोलवा."

जोशी सर जरा घुटमळले. "सुरेखा, भांडण नको हं."

"भांडायला दम कुठंय सर," मी म्हटलं. ते खरंच होतं.

नसरीन मॅडम ओपीडी सोडून शेंद्र्यापर्यंत आल्या. समोर विमा कंपनीचे एक अधिकारी होते, पोक्त, शांत. त्यांनी माझी चौकशी केली आणि मग म्हणाले, "मॅडम, आम्हालाही तपासावं लागतं. खोट्या फायली येतात. नको ते उपचार लावलेले असतात. मंजुरीच काढून टाकली तर हप्ता वाढेल, तो याच कामगारांच्या डोक्यावर बसेल."

मला वाटलं मॅडम चिडतील. त्या म्हणाल्या, "तपासा. जरूर तपासा. माझी प्रत्येक फाइल तपासा. पण ज्या आजारात वेळ जातोय, तिथं उपचार चालू ठेवून तपासा. जे विचारायचं ते एकदाच विचारा, तुकड्यातुकड्यानं नको. आणि फोनवर त्या विषयाचा डॉक्टर द्या, म्हणजे मला त्याला पटवता येईल किंवा त्याला मला चूक दाखवता येईल. एवढंच मागतेय."

मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी घरून बरंच ठरवून आले होते. त्यातलं काही आठवेना. नळीनंतर माझा आवाज लवकर बसतो. मी एवढंच म्हटलं, "साहेब, मी पण इथं माल अडवायचंच काम करते. शंका आली की होल्डवर टाकते. पण तो माल रॅकवर जसाच्या तसा राहतो. माझं तसं नव्हतं. तुमच्याकडं कागद थांबला होता, माझ्याकडं काही थांबलं नव्हतं."

त्या अधिकाऱ्यांनी पेनचं टोपण काढलं आणि मॅडमचे मुद्दे लिहून घेतले.

पुढं कित्येक आठवडे पत्रं, फोन, मसुदे. युनियननं जोर लावला, जोशी सरांनीही लावला, हे मी मान्य करते. शेवटी आमच्या पॉलिसीला एक पान जोडलं गेलं. जिवावरच्या आजारात डॉक्टरांच्या लेखी हमीवर उपचार लगेच सुरू होतील, मंजुरी मागाहून. प्रश्न एकदाच, एकत्र. त्याच विषयाच्या डॉक्टरबद्दल मात्र 'शक्यतो' असा शब्द घातला. मॅडम 'शक्यतो'वर बोट ठेवून म्हणाल्या, "यासाठी अजून भांडावं लागेल." त्या आणि शहरातले आणखी काही डॉक्टर सगळ्याच पॉलिसींना असा नियम व्हावा म्हणून वर लिहितायत. उत्तर आलेलं नाही.

आम्ही जिंकलो म्हणून कारखान्यात पेढे वाटले. मी एक खाल्ला. मला आनंद झाला होता का, हे मला नीट सांगता येत नाही. रस्त्यापलीकडच्या कारखान्यात काहीच बदललेलं नव्हतं.

शकीलची अम्मी

वेल्डिंगला शकील म्हणून आहे, पिशोरचा. त्याची अम्मी त्याच्याकडं राहायला आली होती. एका सकाळी चहा पिताना तिचं तोंड वाकडं झालं आणि उजवा हात लुळा पडला. शकीलनं शेजारच्याच्या गाडीत घालून तिला त्याच दवाखान्यात नेलं. मेंदूत गुठळी होती. ती विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण ते वेळेतच द्यावं लागतं. आमच्या पॉलिसीत कामगारांचे आईवडीलही येतात. मॅडमनी नव्या पानाप्रमाणं हमी लिहिली, इंजेक्शन दिलं. विमा कंपनीचे प्रश्न आले ते सगळे एकदम, तेही इंजेक्शन आत गेल्यावर.

हे मला वैशालीनं फोनवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कामावरून सुटल्यावर दिलीप मला घेऊन गेला.

अम्मी उशीला टेकून बसली होती. तोंड अजून जरा ओढलेलं, पण उजव्या हातात बिस्किट धरलेलं होतं. शकील खुर्चीत वैतागून बसला होता.

"आओ दीदी, बसा," तो म्हणाला. "सकाळपासून नुसतं बसवून ठेवलंय बघा. काम काहीच नाय. कँटीनचा चहा तर असा पांचट हाय, काय सांगू. आणि वॉर्डातला पंखा किती आवाज करतो, अम्मीला नींद कशी यायची? कुणाला तरी बोललं पाहिजे."

"व्हय, बोललं पाहिजे," दिलीप म्हणाला.

काउंटरवर किती वेळा गेलास, असं मी शकीलला विचारलं. "एकदाच," तो म्हणाला. "सही करायला. का?"

"काही नाही."

मला खूप वेळ उभं राहता येत नाही. मी खुर्चीत बसले. आपल्या हातून काय निसटता निसटता राहिलं, हे शकीलला माहीत नव्हतं आणि मी त्याला सांगणार नव्हते. माझ्या वाट्याला असं वेळेवरचं औषध का आलं नाही, असं एकदा मनात आलं. ते मी येऊ दिलं, थोडा वेळ बसूही दिलं. मग अम्मीनं बिस्किटाचा अर्धा तुकडा माझ्यापुढं धरला. तो मी घेतला आणि पंख्याबद्दलची शकीलची तक्रार शेवटपर्यंत ऐकून घेतली.